एक्स्टर्नलचा दिवा

१० जानेवारी २०२६, शनिवार. शहापूर

तीन आठवड्यांच्या खटपटीनंतर आज आमचा सिग्नल जनरेटर मशीनच्या इशाऱ्यावर चालला. नीट लिहून ठेवते, कारण काय कुठे जोडलं ते महिन्याभराने मलाच आठवणार नाही.

कुणाली मॅडम एका ट्रस्टसाठी शाळाशाळांत शिबिरं घेतात, त्यांचं मशीन लहान मुलांचे कान तपासतं. मूल झोपलेलं असताना त्याच्या कपाळाला आणि कानामागे तारा चिकटवायच्या, कानात ‘टक’ असा आवाज द्यायचा आणि तो मेंदूपर्यंत पोचतो का ते तारांमधून टिपायचं. जे पोचतं ते इतकं बारीक असतं की एका आवाजात दिसतच नाही. दोन हजार वेळा टक करायचं, दोन हजार नोंदी एकावर एक रचायच्या, तेव्हा कुठे कागदावर पाच छोट्या लाटा उमटतात. तान्हं मूल काही ‘हो, ऐकू आलं’ म्हणत नाही, म्हणून हा खटाटोप.

तर त्या मशीनचा टक करणारा भाग जळला. मॉडेल जुनं, सुटा भाग मिळत नाही, नवं मशीन यायला वर्ष लागणार आणि शिबिरं तर ठरलेली. मॅडम आमच्या कॉलेजात आल्या, हवे तसे विजेचे ठोके देणारा प्रयोगशाळेतला सिग्नल जनरेटर मागायला. प्राचार्यांनी होकार दिला आणि माझ्याकडे बोट दाखवलं. मी प्रयोगशाळा सहायक. इलेक्ट्रॉनिक्समधली बी.एस्सी. घेऊन वीस वर्षं हीच कपाटं उघडते आणि लावते आहे. एखाद्या वस्तूचा खरोखर उपयोग होणार म्हटल्यावर मला विद्यार्थ्यांपेक्षा जास्त उत्साह आला, हे कबूल.

टक करणं सोपं होतं. अवघड होतं ते वेळ साधणं. जनरेटर ‘इंटर्नल’वर ठेवला की स्वतःच्या मनाने टक टक करत राहतो. ‘एक्स्टर्नल’वर ठेवला की मागच्या खोबणीतून कुणी इशारा दिल्याशिवाय हूं की चूं करत नाही, आणि पुढे हिरवा दिवा लागतो. आपल्याला हे दुसरं हवं होतं. मशीन नोंद सुरू करील, त्याच क्षणी इशारा देईल आणि त्याच क्षणी टक होईल. बाहेरच्या क्लॉकची तारही जोडली, म्हणजे दोघांचं घड्याळ एकच. मॅडम म्हणाल्या, याची गरज नव्हती. नसेल. मला बरं वाटलं.

पहिली चाचणी माझ्याच कानावर घेतली. पाचही लाटा आल्या. मॅडम म्हणाल्या, “सारिकाताई, तुमचे कान विशीतल्या मुलीचे आहेत.” दिवसभर खूश होते.

घरी सांगायला कुणी नव्हतं. नवऱ्याची, रविंद्रची, वाशिंदला सेकंड शिफ्ट. सासूबाईंना ऐकू येत नाही, सहा-सात वर्षं खुणांवरच चाललं आहे. नेहमीप्रमाणे त्यांच्या खाटेपाशी भिंतीकडच्या स्टुलावर बसून त्यांना जेवायला वाढलं, ताट आवरलं. आमच्या घरात शांतता असते, लिहायला बरं पडतं.

१७ जानेवारी, शनिवार

आज शिबिर झालं. मुरबाडच्या पुढे, डोंगराकडच्या एका शाळेत. जनरेटर चादरीत गुंडाळून मांडीवर घेतला होता. सापगावच्या पुलानंतर रस्ता उकरलेला, प्रत्येक खड्ड्याला मी त्याला पोटाशी धरत होते. ड्रायव्हर म्हणाला, “बाई, बाळ झोपलंय का?” मॅडम हसत सुटल्या.

वीसेक मुलं आली होती. मॅडमनी घंटा-टाळ्यांच्या साध्या तपासणीतून शंका येईल अशी पाच निवडली. सकाळी दोघं झाली. एकाच्या लाटा स्वच्छ आल्या, दुसऱ्याच्या आल्या नाहीत. जेवायच्या सुटीत वीज गेली. मशीन आणि मॅडमचा लॅपटॉप बॅटरीवर असल्यामुळे चालूच राहिले. जनरेटर भिंतीवरच्या बोर्डाला होता, तो बंद पडला. वीस मिनिटांनी वीज आली. मॅडम अजून वऱ्हांड्यात जेवत होत्या. मी आत जाऊन इअरफोन कानाला लावला. टक टक टक. बाहेर येऊन सांगितलं, “चालू आहे.”

दुपारी तिघं. सापगावची सावळी, वर्षाची. भगीरथ, चार वर्षांचा, वडिलांच्या खांद्यावर झोपूनच आला. आणि हर्षाली, साडेतीन वर्षांची, सिद्धगडाच्या पायथ्याच्या वाडीतून आई मंगळी आणि आजोबा कमळूबाबा यांच्याबरोबर आलेली. तासभर पायी आणि मग जीप. मुठीत म्हशाच्या जत्रेतली लाल पिपाणी होती. झोपली तरी सोडली नाही.

तिघांचेही कागद सपाट आले.

मॅडम चांगलं सांगतात. घाई करत नाहीत, खांद्यावर हात ठेवतात. पण मंगळी ऐकूनच घेईना.

“ती आयकते, बाई. शेळीच्या घंटीला मान वळविते.”

“मुलं हुशार असतात, मंगळीताई. सावली हलली, जमीन हलली, त्यावरून ओळखतात.”

“आन् पिपानी? ही सोता वाजविते आन् हसते.”

“ओठांना गुदगुल्या होतात ना.”

कमळूबाबांनी तिला दटावलं. “गप गो पोरी. मशीन काय खोटा बोलतंय? त्याला काय पडलंय आपलं?”

मग तिने पोरीला उचललं. जाताना मात्र माझ्याकडे बघून म्हणाली, “तुमचं मशीन दुपारचं झोपलंवतं काय?” मी हसले. काहीतरी बोलायचं म्हणून ती बोलली असं वाटलं.

घरी पोचले तेव्हा सासूबाईंनी विचारलं, “कुठं गेलतीस गो?” मी हाताने खूण केली, कामाला.

१८ जानेवारी, रविवार

काल हसायला नको होतं.

२४ जानेवारी, शनिवार

मॅडमनी पाचही कागदांचे फोटो पाठवले. ८ फेब्रुवारीला मुलांना कानाची यंत्रं वाटायची आहेत, त्यांच्या डब्यांवर नावं घालायचं काम मी अंगावर घेतलं आहे. लाटा न आलेल्या सकाळच्या मुलासारखीच भगीरथ, सावळी आणि हर्षाली यांनाही सर्वांत जोराची यंत्रं, दोन्ही कानांना.

नावं नीट वाचता यावीत म्हणून फोटो मोठे केले. सकाळच्या दोन्ही कागदांवर रेषेच्या अगदी सुरुवातीला, लाटांच्याही आधी, एक टोक आहे. ते मुलाच्या कानातून येत नाही. इअरफोनमध्ये टकचा करंट जातो त्याचा तारांवर उमटणारा तो ओरखडा, इतकंच. ज्या मुलाच्या लाटा आल्या नाहीत त्याच्याही कागदावर टोक आहे. असायलाच हवं. मूल ऐको न ऐको, टक तर झालं.

दुपारच्या तिन्ही कागदांवर टोक नाही.

फोटो खराब असेल. मॅडमकडून पुन्हा मागवले, तेही तसेच.

२५ जानेवारी, रविवार

आज दिवसभर कारणं शोधली. तार सैल झाली असेल. छपाई अंधुक असेल. पोळ्या करताना एकदम एक गोष्ट आठवली आणि तव्यावरची पोळी जळेपर्यंत तशीच उभी राहिले.

वीज आल्यावर मी इअरफोन कानाला लावला, तेव्हा टक टक ऐकू आलं. पण मॅडम वऱ्हांड्यात जेवत होत्या. मशीनवर नोंद चालू नव्हती. मग जनरेटरला इशारा कुणी दिला?

२७ जानेवारी, मंगळवार

काल झेंडावंदनामुळे प्रयोगशाळा बंद होती. आज कुणी यायच्या आत जनरेटर टेबलावर घेतला. एक्स्टर्नल, हिरवा दिवा. भिंतीवरचं बटण बंद केलं, दहापर्यंत आकडे मोजले, चालू केलं. दिवा लागला नाही. पडद्यावर बारीक अक्षरांत ‘इंटर्नल’. आणि इअरफोनमध्ये टक टक टक, अगदी निरोगी.

सहा वेळा करून पाहिलं. वीज गेली की तो सगळं विसरतो आणि आपल्या मूळ सवयीवर जातो.

म्हणजे त्या दुपारी मुलांच्या कानात आवाज जात होता, मशीनही टिपत होतं, पण दोघांच्या वेळा वेगळ्या. दोन हजार नोंदी एकावर एक रचल्या, त्यात प्रत्येक लाट, आणि तिच्याआधीचं टोकही, वेगळ्या जागी. सगळ्या एकमेकींना पुसून टाकतात. कागद सपाट.

याचा अर्थ त्या मुलांना ऐकू येतं, असा नाही. हे मला नीट लिहायला हवं. याचा अर्थ त्यांना आम्ही विचारलंच नाही. आणि ‘ऐकू येत नाही’ असं लिहून दिलं.

आणखी एक. बॅटरीला तीन खोबण्या होत्या. एकीत मशीन, एकीत लॅपटॉप. तिसरीत माझा मोबाइल चार्जिंगला होता.

२८ जानेवारी, बुधवार

मॅडमना अजून सांगितलेलं नाही. फोन दोनदा हातात घेतला.

सकाळी रविंद्रला सांगितलं. तो म्हणाला, “तू ना, वरणात मीठ जास्त पडलं तरी पंचनामा करतेस. रिपोर्टवर सही कुणाची? मॅडमची.”

“इअरफोन मी कानाला लावला होता.”

“बरं, मग सांग. पण आधी ठरव, त्या पोरांसाठी सांगायचंय की तुला झोप लागावी म्हणून.”

मी म्हटलं, दोन्ही असेल तर? तो म्हणाला, “तर दोनदा सांग,” आणि डबा घेऊन गेला.

त्याने गमतीने म्हटलं, पण दिवसभर तेच डोक्यात आहे. एक मात्र स्पष्ट आहे. जोराचं यंत्र ऐकणाऱ्या कानात घातलं तर ते कानाशी दिवसभर बँड वाजवल्यासारखं. मूल रडेल, ओढून काढेल, आणि घरचे म्हणतील, डॉक्टरांनी दिलंय, राहू दे. आहे ते ऐकणंही जाईल. आठ तारखेला अकरा दिवस आहेत.

२९ जानेवारी, गुरुवार

सांगितलं. दोन दिवस उशिरा. उशिराचं कारण काही नाही, भीती.

कॉलेजच्या मागच्या जिन्यात उभी राहून फोन केला. मॅडमनी सगळं दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, “सुरुवातीचं टोक मी पाहायला हवं होतं. पहिल्या वर्षाला शिकवतात ते.” त्यांचा आवाज एकदम लहान मुलीसारखा झाला. आहेत तरी किती, तीस-एकतीस.

मग त्या भानावर आल्या. “ताई, हे ट्रस्टला लिहून दिलं तर शिबिरं थांबवतील. अजून अकरा शाळा राहिल्यात. तिथल्या मुलांना कोण तपासणार? तिघांना गुपचूप परत बोलावू या ना. मी सुटीच्या दिवशी येते.”

“परत का बोलावलं म्हणून विचारतील.”

“सांगू, मशीन बिघडलं होतं.”

“मशीन बिघडलं नव्हतं, मॅडम.”

 अकरा शाळांचं त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं.  मी एवढंच म्हटलं की मंगळीने मला विचारलं होतं, मशीन झोपलं होतं का, आणि मी हसले होते.

“लिहा तुम्ही,” त्या शेवटी म्हणाल्या. “जसं झालं तसं. मी खाली सही करते. माझी आधी.”

पत्र चार वेळा लिहिलं. पहिल्या तीन पत्रांत मी स्वतःला जरा जास्तच दोष दिला होता. तोही एक प्रकारचा दिखावाच. चौथ्यात फक्त काय घडलं ते आहे, मोबाइलसकट.

१ फेब्रुवारी, रविवार

सापगावला आणि भगीरथच्या वडिलांना फोनवर कळवलं. मंगळीच्या वाडीत फोन लागत नाही. रविंद्रने मोटरसायकल काढली. म्हशापर्यंत रस्ता बरा, पुढे धूळ, शेवटची चढण पायी. रविंद्र वाटेत म्हणाला, “माफी मागायला इतकं चढावं लागतं म्हटल्यावर लोक चुकाच करणार नाहीत.”

कमळूबाबा अंगणात कुऱ्हाडीचा दांडा तासत होते. मंगळी ओटीवर वालाच्या शेंगा सोलत होती. हर्षाली एका पालथ्या डब्यावर काठी आपटत बसली होती, डोकं अगदी डब्याला टेकवून. आम्हाला बसायला घोंगडी दिली.

मला आधी काही खटकलं नाही. पाच-दहा मिनिटांनी खटकलं. मंगळीला पोरीला उठवायचं होतं तर तिने जाऊन बाही ओढली. पाणी हवं का ते पेला दाखवून विचारलं. आजोबांनी कुऱ्हाडीपासून दूर सारायचं म्हणून नुसता हात मध्ये घातला. त्या घरात पोरीशी कुणी बोलत नव्हतं. पोरही तोंडातून आवाज काढत नव्हती. शिबिरात ती बडबडत होती, अर्धवट, अस्पष्ट, पण बडबडत होती. ते मला आठवतं.

“पिपाणी कुठंय हिची?” मी विचारलं.

“वर खोसून ठेवली. तिला काय करायची?”

मग सांगायला सुरुवात केली आणि शब्दच सापडेनात. एक्स्टर्नल, इंटर्नल, हे कसं सांगायचं? शेवटी कोपऱ्यात आडवं पडलेलं उखळ दिसलं.

“एका उखळात दोघी कांडायच्या, तेव्हा कसं करायच्या?”

“आता गिरन हाय. पन आईसंगं कांडलंय मी. एकीचं वर, एकीचं खाली.”

“तसं आमचं दोन मशीनचं आहे. एकाने आवाज द्यायचा, की दुसऱ्याने लगेच टिपायचं. त्या दुपारी वीज जाऊन आली, आणि एक मशीन आपल्याच ठेक्यावर कांडत बसलं.”

“मुसळावर मुसळ,” मंगळी म्हणाली.

“हो. आणि ते पाहायचं काम माझं होतं. मी पाहिलं नाही.”

कमळूबाबांनी हातातलं काम थांबवलं. “म्हंजे पोर आयकते?”

“माहीत नाही, बाबा.”

“मंग आयकत नाय?”

“तेही माहीत नाही.”

“मंग काय सांगाया आली येवढी चढून?”

“तेच. की आम्हाला माहीत नाही. शनिवारी शहापूरला आणा, परत तपासू. तोवर त्या कागदावर विश्वास ठेवू नका.”

मंगळीच्या हातात शेंग तशीच होती.  ती उखळाकडे बघत म्हणाली, “पंधरा दिस मी तिला हाक मारली नाय.”

चहा मिळाला नाही. बरोबरच होतं. उतरताना रविंद्र पुटपुटला, “पाणी तरी प्यायचं होतंस.” अर्ध्या उतारावर आलो तेव्हा वरून हाक ऐकू आली, “हर्षेऽऽ!” एकदाच, खणखणीत. पोर वळली की नाही ते मी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तेच मनात पुरावा म्हणून धरलं असतं.

घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, “पाय धुळीनं माखलेत गो तुझे. कुठं गेलतीस?” दमले होते. खूण केली, कामाला.

४ फेब्रुवारी, बुधवार

ट्रस्टचं उत्तर आलं. पुढची दोन शिबिरं थांबवली आहेत, तपासणीची पद्धत लिहून देईपर्यंत. सगळी नाहीत, दोन. मॅडमनी फोनवर एवढंच सांगितलं आणि ठेवला. मला वाटलं होतं तितकं वाईट नाही असं मी लिहिणार होते. पण त्या दोन शाळांत किती मुलं आहेत, ते मला कुठे ठाऊक आहे?

७ फेब्रुवारी, शनिवार

आमच्याच प्रयोगशाळेत तपासणी झाली. बाकं जोडून गादी घातली, पडदे ओढले. जनरेटर बॅटरीवर. तिसऱ्या खोबणीत. मोबाइल बंद करून कपाटात, किल्ली मॅडमकडे. प्रत्येक मुलाआधी मॅडम विचारायच्या, “दिवा?” मी दिव्यावर बोट ठेवून म्हणायचे, “एक्स्टर्नल.” आणि मशीन थांबलेलं असताना इअरफोन कानाला लावायचा. काही ऐकू आलं नाही तरच पुढे जायचं. प्रत्येक कागदावर टोक आलंय का ते पाहून दोघींच्या सह्या.

सावळीच्या पाचही लाटा आल्या, अगदी हळू आवाजालाही. तिच्या कानांना काहीच झालेलं नाही. तिच्या आजीने मला उभ्या उभ्या चार गोष्टी सुनावल्या. सगळ्या बरोबर होत्या.

मग भगीरथ. टोक आलं, पुढे काही नाही. मॅडमनी आवाज वाढवला. टोक, पुढे काही नाही. तिसऱ्यांदा तारा बदलून पाहिलं. दुसरा कानही तसाच. मॅडमनी सांगितलं तेव्हा त्याच्या वडिलांनी फक्त “बरं” म्हटलं. मुलाला खांद्यावर घेताना मला म्हणाले, “बाई, मी सवय करून घेतलेली. तुमचा फोन आला आन् आठ दिवस परत त्याला हाका मारीत बसलो.” रागाने म्हणाले नाहीत.  फोन करायलाच हवा होता. त्याने त्या माणसाचं दुःख दोनदा झालं. ही दोन्ही वाक्यं खरी आहेत आणि त्यांची बेरीज मला करता येत नाही.

हर्षाली शेवटी. झोपेना. मंगळी तिला मांडीवर घेऊन थोपटत होती आणि सतत बोलत होती, शेळी, कोंबडी, शाळा, एसटी, काय वाटेल ते, कानाशी तोंड नेऊन. पोर झोपली तेव्हा दोन वाजून गेले होते.

मोठ्या आवाजाला टोक आलं.  आणि टोकापुढे लाटा. पाचवी तर स्पष्ट. मॅडमनी आवाज कमी केला, लाटा होत्या. आणखी कमी, बारीक झाल्या. आणखी कमी केल्यावर नुसतं टोक राहिलं, पुढे रेषा सपाट. दुसऱ्या कानालाही तेच.

“म्हंजे?” मंगळी.

“मोठ्याने बोललेलं तिला ऐकू येतं,” मॅडम म्हणाल्या. “हळू बोललेलं नाही. लहान यंत्र लागेल, जोराचं नाही. आणि खूप बोलायचं तिच्याशी. जवळून, मोठ्याने.”

मंगळीने आमच्याकडे पाळीपाळीने पाहिलं. “आमच्या घरात हळू कोन बोलतंय?”

कमळूबाबा दाराशी बसले होते, ते खो खो हसले. मॅडम हसता हसता चष्मा पुसायला लागल्या. मंगळीने ओटीतून पिपाणी काढली आणि झोपलेल्या पोरीच्या मुठीत कोंबली.  निघताना पायरीवरून कमळूबाबा मागे वळून म्हणाले, “आता आलीस वाडीला तर च्या पिऊन जा.”

८ फेब्रुवारी, रविवार

यंत्रं वाटून झाली. हर्षालीचं नाव मी काल स्वतः जोराच्या यंत्राच्या डब्यावरून काढून लहान यंत्राच्या डब्यावर घातलं होतं. यंत्र कानात गेल्यावर ती आधी रडली, मग रडण्याचा आवाज ऐकून थांबली. भगीरथला जोराचं यंत्र मिळालं. थोडंफार उपयोगी पडेल, मॅडम म्हणाल्या. त्याचे वडील पाच मिनिटं नुसते त्याच्या तोंडाकडे बघत उभे होते.

संध्याकाळी सासूबाईंना जेवायला वाढलं. आज दिव्याची वायर भिंतीकडे अडकली होती म्हणून ताट खिडकीच्या बाजूने नेलं. त्या म्हणाल्या, “सुटीची पन कुठं जातेस गो रोज?”

हात खूण करायला उठलाच होता. का कोण जाणे, तिथेच खाटेच्या कडेवर टेकले आणि सांगायला लागले. अगदी पहिल्यापासून, जळलेल्या भागापासून. घसा ताणून सांगत होते. शेजारच्या ठमीताईंनी खिडकीतून डोकावून विचारलं, “काय झालं गो? भांडताय काय?” मी पिपाणी छपरात खोसल्यापर्यंत आले होते, तेव्हा सासूबाईंनी हात वर केला.

“वरडू नको. ह्या कानानं येतं मला. असं जवळ बसलं की येतं.”

“कधीपासून?”

“कधीपासून म्हंजे? गेला तो भिंतीकडचा. हा हाय थोडा. तू भिंतीकडंच बसतेस ना रोज.”

“मग आई, सांगायचं नाही?”

“इचारलं कुनी?” त्यांनी भाताचा घास कालवला. “बरं, त्या पिपानीचं काय झालं? दिली का पोरीला परत?”

भिंतीकडचं स्टूल उचलून खिडकीपाशी आणलं, आणि पुढचं साध्या आवाजात सांगितलं.